रेवदंड्याच्या वाडीत बोअर मारावा का?

होळी उलटली की अलिबाग-रेवदंडा पट्ट्यात बोअरच्या गाड्या फिरू लागतात. एका ट्रकवर उभा करता येणारा लोखंडी मनोरा, दुसऱ्यावर कॉम्प्रेसर आणि रॉडची चवड. देशभर हिंडणाऱ्या या गाड्यांचा मोठा भाग तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडे या एकाच गावाचा आहे, त्यामुळे गाडीवरची अक्षरं पुष्कळदा तमिळ असतात. सकाळी गाडी वाडीत शिरते आणि दिवस मावळायच्या आत साडेसहा इंच रुंदीचं, दोनशे फूट खोलीचं भोक तयार होतं. पूर्वी विहिरीला जिथे दोन उन्हाळे लागत, तिथे आता एक दिवस पुरतो. या वेगामुळेच प्रश्न विचारायला कोणाला उसंत मिळत नाही. पाणी लागेल की नाही, एवढंच विचारलं जातं. कुठलं पाणी लागेल, ते किती वर्षं टिकेल, शेजारच्या विहिरीचं काय होईल आणि हे भोक नको झालं तर त्याचं करायचं काय, हे प्रश्न राहूनच जातात.

मत आधीच सांगून टाकतो. रेवदंड्यात, म्हणजे समुद्र आणि खाडी यांच्या बेचक्यातल्या रेताड वाड्यांमध्ये, घरच्या पाण्यासाठी खोल आणि अरुंद भोक पाडणं ही उलट्या दिशेची मेहनत आहे. इथलं पाणी वर आहे आणि उथळ आहे. ते रुंद तोंडाने, हळूहळू घ्यायचं पाणी आहे. बोअर सगळीकडे वाईट असं मात्र माझं म्हणणं नाही. तो कुठे योग्य ठरतो, तेही पुढे येईल.

गावाची जागा नीट पाहिली तर निम्मं उत्तर तिथेच सापडतं. पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला कुंडलिकेचं मुख म्हणजेच रेवदंड्याची खाडी, आणि खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तटबंदी बांधली ती या टोकावर. आजही गावाचा मोठा भाग त्या तटाच्या आत, नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये राहतो. उत्तरेकडे चौल, नागाव, अक्षी असा अष्टागराचा पट्टा. जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच. वर रेती, तिच्याखाली कुठे चिकणमाती, कुठे शंखशिंपल्यांच्या चुऱ्याचा घट्ट झालेला करळ दगड आणि त्याच्याखाली काळा कातळ. पावसाळ्यात या पट्ट्यावर दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. रेती तो पिऊन टाकते. वाडीतल्या विहिरीचं पाणी म्हणजे रेतीत मुरलेला हाच पाऊस. दुसरीकडून येणारं असं काही त्यात नाही.

मुरलेलं गोडं पाणी रेतीत कुठे राहतं? समुद्राच्या पाण्यावर, ताकावर लोणी राहावं तसं. खाऱ्या पाण्याची घनता गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी जास्त असते, त्यामुळे गोडं वर तरंगतं आणि खारं खाली दबून राहतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाडोन गायबेन या डच लष्करी अभियंत्याने आणि 1901 मध्ये हर्झबर्ग या जर्मन अभियंत्याने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, याचा हिशेब मांडला: भूजलाची पातळी समुद्रसपाटीच्या वर जितकी, त्याच्या चाळीसपट खोलीपर्यंत गोडं पाणी. पातळी एक मीटर वर असेल तर खाली चाळीस मीटर गोडं. हा आकडा ऐकून हायसं वाटतं, पण तो उलटा वाचायला हवा. उपशाने पातळी एक मीटर खाली गेली आणि तशीच राहिली, तर खालची खाऱ्याची सीमा कालांतराने चाळीस मीटर वर येते. पाणी अर्ध्या मीटरने उतरलं हे विहिरीत डोकावून कोणाच्या लक्षातही येणार नाही. तेवढ्यात खाली वीस मीटर गोडं पाणी गेलेलं असेल.

आता दोनशे फुटांच्या बोअरला हा हिशेब लावू. दोनशे फूट म्हणजे 61 मीटर. जमीन समुद्रसपाटीपासून पाच मीटर उंच धरली तर बोअरचा तळ समुद्राच्या पातळीखाली 56 मीटरवर गेला. तिथे गोडं पाणी असायला भूजलाची पातळी समुद्रसपाटीच्या वर किमान 1.4 मीटर हवी, आणि तीही मे अखेरपर्यंत, पंप चालू असताना. किनाऱ्यालगतच्या रेताड जमिनीत उन्हाळ्याच्या शेवटी पातळी समुद्राच्या जवळ उतरते, हे कोणत्याही जुन्या विहिरीचे थर पाहिले की कळतं. हा हिशेब सलग रेतीचा आहे. कातळात पाणी भेगाभेगांतून हिंडतं, त्यामुळे तिथे तो तंतोतंत लागू पडत नाही. कातळाची भेग समुद्राशी जोडलेली नसेल तर खोलवर गोडं पाणी सापडू शकतं. जोडलेली असेल तर उथळ बोअरलाही पहिल्याच दिवशी मचूळ पाणी येतं. म्हणून एका वाडीत बोअर गोडा आणि शेजारच्या वाडीत खारा, असं घडतं. शेजाऱ्याचा बोअर गोडा लागला म्हणून आपलाही लागेल, हा तर्क कातळात चालत नाही.

खारेपणाला किती थोडा समुद्र पुरतो, याचा अंदाजही असावा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, पैकी क्लोराइड सुमारे 19 ग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) क्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे 250 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर 1000 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे शंभर तांब्ये गोड्या पाण्यात दोन तांब्ये समुद्र मिसळला तरी पहिली मर्यादा ओलांडली जाते आणि पाच तांब्यांत दुसरीच्या उंबरठ्यावर येतो. माड थोडा खारेपणा सोसतो, पोफळ सोसत नाही. वाडीत आधी पोफळीची पानं कडेने करपू लागतात, माणसाच्या जिभेला चव कळते ती त्यानंतर.

अष्टागरातल्या जुन्या लोकांनी हा हिशेब सूत्राने मांडला नव्हता, पण त्यांची साधनं त्याच्याशी जुळलेली होती. वाडीतली विहीर रुंद आणि उथळ, बांधीव, आणि तिच्यावर रहाट. बैल गोल फिरायचा, माळेवरची गाडगी एकामागून एक वर येऊन पन्हळीत रिती व्हायची आणि तिथून पाटाने पाणी आळ्यांत जायचं. बैलाच्या चालीने पाणी निघत असल्याने उपसा कधीच झऱ्याच्या पुढे गेला नाही. बैल सोडला की विहीर रात्रभर भरून यायची. पुढे इंजिन आलं, मग विजेची मोटर, मग पाण्यात बुडणारा सबमर्सिबल पंप. प्रत्येक पावलाला उपसा वाढला आणि विसावा कमी झाला. रुंद विहिरीत पाणी साठतं, म्हणून मोटर तासभर चालली तरी ओढ आधी त्या साठ्यावर पडते. साडेसहा इंची बोअरमध्ये साठा नगण्य. मोटर सुरू होताच ओढ थेट जमिनीतल्या पाण्यावर जाते आणि नेमक्या त्या जागी खालचं खारं शंकूसारखं वर चढतं. एकदा वर चढलेला हा शंकू मोटर बंद केल्यावर लगेच खाली बसत नाही. त्याला महिने लागतात, कधी दोन-तीन पावसाळेही.

मग बोअर इतका लोकप्रिय का झाला? त्याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडायला हवं. 1967 च्या बिहारच्या दुष्काळात युनिसेफने कठीण खडक फोडणारी यंत्रं भारतात आणली. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राच्या पठारावर विहिरी आटल्या तेव्हा हीच यंत्रं खेडोपाडी गेली. पण बोअरवर बसवलेले ओतीव लोखंडाचे हातपंप वर्षभरात मोडून पडायचे, कारण ते एका घरासाठी बनवलेले होते आणि वापरत होतं अख्खं गाव. उत्तर निघालं सोलापुरात. तिथल्या मिशनच्या पाणीपुरवठा कामातून पोलादी, साखळीवर चालणारा सोलापूर पंप तयार झाला आणि त्यावरून सत्तरच्या दशकाच्या शेवटी इंडिया मार्क टू हा हातपंप बनला. पुढे तो जगभर गेला. झाकलेल्या बोअरचं पाणी उघड्या पायऱ्यांच्या विहिरीपेक्षा स्वच्छ असतं. नारू रोगाचा जंत पायऱ्यांच्या विहिरींतून पसरायचा. भारत 2000 साली नारूमुक्त जाहीर झाला, त्यात या हातपंपांचा वाटा मोठा आहे. मराठवाड्यातल्या ज्या बाईचे पाय नारूने सुजायचे थांबले तिला बोअर म्हणजे वरदान वाटला, आणि ते खरंच होतं.

पण तो पठारावरचा इलाज होता. तिथे समुद्र खाली नाही. शिवाय ते बोअर गावासाठी होते, हाताने उपसायचे होते. आज रेवदंड्यात जो बोअर मारला जातो त्याची कारणं वेगळी आहेत. उमटे धरणाच्या नळाचं पाणी उन्हाळ्यात रोज येईलच असं नाही. वाडीवाल्यांची पुढची पिढी मुंबई-ठाण्यात. विहीर उपसायला, गाळ काढायला, दगड बसवायला घरी माणूस नाही. वाड्यांमध्ये होमस्टे उभे राहिले, शनिवार-रविवारी वीस-पंचवीस माणसं अंघोळी करतात. सुट्टीच्या घरांच्या आवारात पोहण्याचे तलाव आले. विहिरीला लागणारी गुंठाभर जागाही आता महाग वाटते, बोअरला फूटभर पुरते. कारणं खरी आहेत. ती पाहून कोणी बोअरचा विचार केला तर त्याला नावं ठेवता येत नाहीत.

अडचण धंद्याच्या रचनेत आहे. बोअरचा दर फुटावर असतो, केसिंगचा दर वेगळा. पाणी कमी लागलं की 'अजून पन्नास फूट जाऊ या' हा सल्ला मिळतो, आणि सल्ला देणाऱ्याचं उत्पन्न त्याच पन्नास फुटांत असतं. 'एवढा खर्च केलाच आहे तर' म्हणून मालक मान हलवतो. दख्खनच्या कातळात या सल्ल्याला फारसा आधार नाही. बसाल्टमध्ये पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात, भेगांत आणि दोन लाव्हाथरांच्या सांध्यात असतं. जितकं खाली जावं तितक्या भेगा मिटत जातात. कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी सातारा जिल्ह्यात 2017 मध्ये तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं, त्यात काळा कातळ सुमारे सव्वा किलोमीटरपर्यंत लागला आणि त्याच्याखाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक. तळाशी पाण्याचा मोठा साठा वाट पाहतोय, ही समजूत त्या छिद्राने तरी खरी ठरवलेली नाही. पठारावर खोल गेल्याने कोरडा बोअर पदरी पडतो. किनाऱ्यावर खारा पडतो, आणि तो जास्त घातक, कारण तो कोणीतरी वापरतं.

जागा दाखवायला पाणाड्या येतो. हातात उंबराची दुबेळकी फांदी किंवा तळहातावर उभा नारळ. फांदी वाकली, नारळ फिरला की तिथे खूण. ही परंपरा जुनी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अख्खा अध्याय भूजल शोधण्यावर आहे. त्यात कोणतं झाड, कोणतं वारूळ कुठल्या दिशेला असेल तर किती खोलीवर पाणी, असे नियम सांगितले आहेत. झाडं आणि वारुळं पाहणं हे निरीक्षण होतं, त्याचा मान ठेवावा. फांदी वाकण्याला मात्र तसा आधार नाही. जर्मनीत 1987-88 मध्ये म्युनिकजवळच्या एका कोठारात पाणाड्यांची मोठी चाचणी झाली. तिचे आकडे पुढे दुसऱ्या शास्त्रज्ञाने तपासले तेव्हा ते यदृच्छेपेक्षा वेगळे निघाले नाहीत. रेवदंड्यात तर पाणाड्याला अपयश येणं अवघडच, कारण रेतीत कुठेही खणलं तरी काही फुटांवर पाणी लागतंच. तिथला खरा प्रश्न गोडं की खारं हा आहे, आणि त्याबद्दल फांदी काही सांगत नाही.

जमिनीत वीज सोडून तिचा विरोध मोजण्याची पद्धत जास्त विश्वासाची. खारं पाणी वीज सहज वाहू देतं, म्हणून विरोध एकदम घसरला की खाली खारेपणा असल्याची शंका घ्यावी. पण ओली चिकणमातीही वीज सहज वाहू देते, आणि किनाऱ्यावर दोन्ही एकाच ठिकाणी सापडतात. त्यामुळे इथल्या सर्वेक्षणाचा निष्कर्ष आजूबाजूच्या विहिरींच्या पाण्याशी ताडून पाहणारा भूवैज्ञानिक हवा. नुसता यंत्रातून कागद काढून देणारा माणूस पुरेसा नाही. यापेक्षाही स्वस्त तपासणी आहे: मे महिन्याच्या शेवटी, भरतीच्या वेळी, आपल्या आणि शेजारच्या चार विहिरींचं पाणी क्षारमापकाने मोजणं. मोटर सलग काही तास चालवून पुन्हा मोजणं. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच वर गेला, तर खाऱ्याची सीमा जवळ आहे एवढं समजतं आणि बोअरचे पैसे वाचतात.

कायद्याची बाजू लोक समजतात त्यापेक्षा गुंतागुंतीची आहे. 'माझी जमीन, माझं पाणी' ही समजूत इंग्रजी न्यायालयातून आली. 1843 च्या एका इंग्रजी खटल्यात जमिनीखालचं पाणी उपसण्याचा मालकाचा हक्क मान्य झाला, आणि 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याने, ठरावीक पात्रातून न वाहणारं भूजल आपल्या हद्दीत गोळा करण्याचा हक्क मालकाला दिला. महाराष्ट्राने त्याला हळूहळू वेसण घातली. 1993 च्या कायद्याने पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आतल्या विहिरींवर निर्बंध आणले. 2009 चा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम 2014 पासून लागू झाला. त्यात 60 मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला 'खोल विहीर' म्हटलं आहे, अधिसूचित क्षेत्रात शेती-उद्योगासाठी ती खणायला मनाई आहे, आणि विहिरींबरोबर बोअरच्या गाड्यांचीही नोंदणी सक्तीची केली आहे. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनी घरगुती वापरासाठी एकेकट्या कुटुंबाला ना हरकत प्रमाणपत्रातून सूट दिली. ही सूट घराला आहे. पाहुण्यांकडून पैसे घेणारं निवासस्थान त्यात बसत नाही, हे होमस्टेवाल्यांनी ध्यानात ठेवावं.

किनाऱ्यावर दोन नियम वरचे आहेत आणि रेवदंड्याला दोन्ही लागतात. पहिला किनारा नियमन क्षेत्राचा. 1991 च्या अधिसूचनेने आणि पुढे 2011 च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून 200 मीटरच्या आत भूजल उपसायला बंदी घातली. 2011 मध्ये स्थानिक वस्तीच्या स्वतःच्या वापरासाठी सवलत ठेवली. आणि 200 ते 500 मीटरच्या पट्ट्यात पिण्यासाठी, बागायतीसाठी साध्या विहिरीतून हाताने पाणी काढण्यापुरती मुभा दिली. साधी विहीर, हाताने उपसा: अष्टागरातला जुना माणूस करत होता तेच नियमात उतरलं. आता 2019 ची अधिसूचना आहे, तेव्हा आपला गट नंबर नकाशावर कुठे येतो ते तपासल्याशिवाय गाडी बोलावू नये. ही भरतीरेषा खाडीच्या बाजूनेही आखलेली असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दुसरा नियम पुरातत्त्वाचा. किल्ल्याचे अवशेष केंद्र सरकारच्या संरक्षणात आहेत. अशा स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित आणि पुढचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. तटाच्या आत राहणाऱ्याने खोदकामाआधी पुरातत्त्व खात्याला विचारलेलं बरं.

सरकारी यादीत रायगडचे तालुके भूजलाच्या दृष्टीने 'सुरक्षित' आहेत. पाऊस इतका पडतो आणि उपसा त्या मानाने इतका थोडा, की आकडेवारी दुसरं काही सांगूच शकत नाही. पण ही मोजणी आतल्या डोंगर-दऱ्यांसकट होते. समुद्रालगतच्या अर्ध्या किलोमीटरच्या पट्टीचा ताण त्या सरासरीत बुडून जातो. माझ्या मते या पट्टीची वेगळी मोजणी व्हायला हवी, गावनिहाय, दर मे महिन्यात, आणि तिचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागायला हवेत. गुजरातने सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर हे उशिरा केलं. तिथे पंपांनी विहिरी खाऱ्या झाल्या, तेव्हा 1976 मध्ये उच्चस्तरीय समिती नेमावी लागली, आणि मग बंधारे, पुनर्भरण तलाव अशी दशकांची कामं सुरू झाली. चेन्नईच्या उत्तरेला मिंजूरच्या परिसरात शहरासाठी केलेल्या उपशाने समुद्र कित्येक किलोमीटर आत आला. ॲम्स्टरडॅम 1853 पासून वाळूच्या टेकड्यांतलं पाणी पीत होतं. टेकड्यांखालचं गोडं पाणी संपू लागलं, तेव्हा 1957 पासून ऱ्हाइन नदीचं पाणी आणून तिथे मुरवायला लागले. त्यांच्याकडे ऱ्हाइन होती. रेवदंड्याकडे कुंडलिका आहे, पण इथे पोचेपर्यंत ती खाडी झालेली असते.

घराच्या आवारात विहिरीशिवाय आणखी एक खोल खड्डा असतो, शौचालयाचा शोषखड्डा, आणि त्याचा विचार विहिरीसोबतच करायला हवा. पिण्याच्या स्रोतापासून तो किमान 18 मीटर लांब असावा असं भारतीय मानक सांगतं. दोन-तीन गुंठ्यांच्या जागेत हे अंतर मिळणं कठीण, आणि शेजाऱ्याचा खड्डा आपल्या कुंपणाला लागून असेल तर आपण मोजलेलं अंतर निरर्थक. रेतीत मैला लवकर पसरतो. बोअरच्या केसिंगभोवतीची पोकळी सिमेंटने भरली नसेल, तर वरचं घाण पाणी त्या पोकळीतून थेट खाली जातं, आणि 'बोअरचं पाणी शुद्धच असतं' या भरवशावर घर ते न उकळता पितं. खारेपणा घालवायला आरओ यंत्र बसवलं तर घरगुती यंत्र एका लिटरमागे कधी तीन लिटरपर्यंत पाणी टाकून देतं, तेही क्षारांनी घट्ट झालेलं. ते मागच्या वाफ्यात सोडलं की खारेपणा पुन्हा त्याच जमिनीत जातो.

मग घराने पाणी आणायचं कुठून? छपरावरून. शंभर चौरस मीटर कौलांवर दोन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे दोन लाख लिटर. वाया जाणारं वजा करून दीड लाखाच्या वर हाती येतं. पाच माणसांच्या घराला दिवसाला माणशी 55 लिटर धरले तरी वर्षाला एक लाख लिटर लागतात. पाऊस पुरतो, पंचाईत आहे ती तो आठ महिने साठवण्याची, कारण त्याला साठ-सत्तर हजार लिटरची टाकी लागेल आणि ती सगळ्यांना परवडत नाही. पण हिशेब छोटा करता येतो. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत फक्त पिण्या-स्वयंपाकासाठी माणशी आठ लिटर धरले, तर पाच माणसांना पाच हजार लिटरही पुरतात. एवढी झाकलेली टाकी ओटीखाली मावते. बाकीचा पाऊस गाळणीतून जुन्या विहिरीत आणि वाडीतल्या चरांत सोडावा. धुणी-भांडी, झाडं यांना विहीर. विहीर रुंद ठेवावी, मोटर लहान अश्वशक्तीची, आणि ती तासातासाने थांबवणारा टायमर. ज्याची विहीर बुजली आहे त्याने नव्या बोअरचे पैसे आधी गाळ काढण्यावर खर्च करून पाहावेत. होमस्टेला जास्त पाणी लागतंच, तर एका खोल भोकाऐवजी वाडीत अंतराअंतरावर तीन-चार उथळ फिल्टर पॉइंट (रेतीत उतरवलेल्या जाळीच्या नळ्या), प्रत्येकातून थोडं थोडं पाणी. गोड्या पाण्याचा थर असा वरून साईसाईने काढला तर खालचं खारं ढवळत नाही.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वाड्यांमधले माड आणि पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, आणि अनेक गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. तेव्हा दोनशे फुटांवर टांगलेल्या सबमर्सिबल पंपाचा काही उपयोग नव्हता. दोरी सोडून बोअरमधून पाणी काढता येत नाही. ज्यांच्या वाडीत रहाटाची जुनी विहीर शाबूत होती त्यांनी कळशीने पाणी काढलं, शेजाऱ्यांनाही दिलं. वादळं पुन्हा येणार आहेत. फक्त बोअरवर अवलंबून असलेल्या घराने याचा विचार करावा.

बोअर योग्य कुठे? चौलच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, जिथे जमीन चढते, रेती संपते आणि कातळ वर येतो, तिथे समुद्रापासून अंतर आणि उंची दोन्ही मिळतात. तिथे भूवैज्ञानिकाच्या सल्ल्याने, साठ मीटरच्या आत, एका घरासाठी नव्हे तर आठ-दहा घरांनी मिळून घेतलेला बोअर शहाणपणाचा ठरू शकतो. केसिंग झिजलेल्या थरातून पार करून कठीण कातळात रुतवायचं, भोवतीची पोकळी सिमेंटने बंद करायची, तोंडाशी ओटा बांधायचा, आणि कुठल्या खोलीवर कोणता थर लागला, पाणी किती इंची निघालं, किती खारं निघालं, हे लिहून ठेवायचं. हे कागद घरोघर सांभाळले गेले तर गावाला आपल्या भूजलाचा नकाशा फुकट मिळेल.

ज्यांनी बोअर आधीच मारला आणि तो फेल किंवा खारा गेला, त्यांच्यापुढचं काम तातडीचं आहे. 2006 मध्ये हरियाणातल्या कुरुक्षेत्राजवळ पाच वर्षांचं मूल बोअरमध्ये पडलं आणि सारा देश दोन दिवस टीव्हीसमोर बसला. फेब्रुवारी 2019 मध्ये आंबेगाव तालुक्यातल्या थोरांदळे गावात सहा वर्षांच्या मुलाला रात्रभराच्या खटपटीने बाहेर काढलं. दोघे वाचले, पुष्कळ मुलं वाचलेली नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये नियम घालून दिले: खोदण्याआधी पंधरा दिवस अधिकाऱ्यांना कळवायचं, काम चालू असताना कुंपण आणि फलक, तोंडावर पोलादी झाकण, भोवती सिमेंटचा ओटा, आणि सोडून दिलेला बोअर तळापासून वरपर्यंत भरायचा. तोंडावर दगड किंवा गोणपाट ठेवून भागत नाही.

किनाऱ्यावर भरण्याच्या साहित्यालाही महत्त्व आहे. इतरत्र माती, रेती, दगडगोटे चालतात. रेवदंड्यात गोटे टाकले तर मूल पडण्याचा धोका टळतो, पण त्यांच्या फटींतून खालचं खारं पाणी वरच्या गोड्या थराशी जोडलेलंच राहतं, आणि शेजारच्या मोटरीने ओढ दिली की ते वर येतं. म्हणून तळापासून कातळाच्या माथ्यापर्यंत सिमेंटचा राडा किंवा फुगणारी बेंटोनाइट माती नळीने खालून वर भरत आणायची, त्यावर चिकणमाती ठोकायची आणि शेवटचे दोन फूट काँक्रीट. भरलेल्या बोअरची जागा आणि खोली ग्रामपंचायतीत नोंदवावी आणि वाडी विकली गेली तर खरेदीखतातही लिहावी, म्हणजे पुढचा मालक त्याच्या शेजारी दुसरा बोअर मारणार नाही.